गावच्या तलावाची मातीची भिंत: नव्याने राखण करणाऱ्यांसाठी

तुम्ही नुकतेच ग्रामपंचायतीवर निवडून आला असाल, पाणी वापर संस्थेत तुमचं नाव लागलं असेल, किंवा तलावाखाली घर आणि शेत असल्यामुळे पावसाळ्यात झोप लागत नसेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर महाराष्ट्रात हजारो पाझर तलाव आणि लहान सिंचन तलाव झाले. त्यांतल्या पुष्कळांची वयं आता पन्नाशीच्या आसपास आहेत. तेव्हा ज्यांच्या खाली मोकळं रान होतं, तिथे आज वाड्या, शाळा, गोठे उभे आहेत.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा प्रामुख्याने १५ मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे. १० ते १५ मीटर उंचीची धरणंही त्यात येतात, पण लांबी, साठा, पुराचं पाणी अशा ठरावीक अटींत बसली तरच. गावोगावचे बहुसंख्य तलाव या मापात बसत नाहीत. त्यामुळे त्यांच्यावर रोज नजर पडते ती गुराख्याची, मासे धरणाऱ्याची नाहीतर पाटकऱ्याची, आणि काय बघायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आमच्या गावच्या तलावाच्या दुरुस्तीसाठी मी काही वर्षं कार्यालयांच्या पायऱ्या चढलो आणि अभियंत्यांबरोबर भिंतीवरून चाललो. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने सांगतो. अभियंत्याचं काम तुम्ही करायचं नाही. त्याला वेळेवर बोलावता यावं, आणि तो आला की नेमकं बोट दाखवता यावं, यासाठी हे सगळं आहे.

जवळ काय हवं

- जाड पुठ्ठ्याची एक वही, फक्त तलावासाठी
- तारीख दिसेल असे फोटो काढणारा मोबाइल आणि चांगली टॉर्च
- मोजपट्टी, चुना, लाकडी खुंट्या
- १५ लिटरची बादली आणि काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची स्वच्छ बाटली
- गमबूट आणि हातात काठी (दगडांच्या सापटीत साप असतात)
- कागदांपैकी: तलावाच्या भिंतीचा आराखडा, पूर्ण भरल्यावरचा साठा आणि पातळी, सांडव्याची (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची) रुंदी, आधीचे तपासणी अहवाल, ग्रामसभेचे ठराव

## १. तलाव कोणाच्या ताब्यात आहे, ते आधी पक्कं करा

इथेच लोकांचे महिने जातात. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला की "हा तलाव आमच्याकडे नाही" एवढंच उत्तर येतं, तेही पावसाळा उलटल्यावर. ढोबळ विभागणी अशी आहे: सिंचन क्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषद, १०१ ते ६०० हेक्टर असेल तर मृद व जलसंधारण विभाग, त्यापुढे जलसंपदा विभाग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे माजी मालगुजारी तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडे आहेत.

अडचण होते ती हस्तांतरणाची. तलाव एका खात्याने बांधलेला असतो, दुसऱ्याकडे सोपवलेला असतो आणि मधला कागद सापडत नाही. अशा वेळी वाद घालत बसू नका. एकच अर्ज तिन्ही कार्यालयांना द्या, प्रत तहसीलदारांना द्या, आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. सोबत माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. त्यात एवढंच मागा: तलावाचा ताबा सध्या कोणाकडे आहे, भिंतीचा आणि सांडव्याचा आराखडा, शेवटच्या पावसाळापूर्व तपासणीचा अहवाल, आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली. "सर्व कागदपत्रे मिळावीत" असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे, म्हणून हे काम मार्चमध्येच करा.

## २. भिंतीवरून एकदा जाणत्या माणसाबरोबर चाला

तलाव बांधताना मजुरीवर गेलेली म्हातारी माणसं अजून गावात असतील. त्यांना सोबत घ्या. जुना नाला कुठून जात होता, माती कुठून आणली, विमोचकाचा (शेतीला पाणी सोडायच्या दरवाजाचा) पाइप कुठे पुरला, हे आराखड्यापेक्षा त्यांना जास्त नेमकं माहीत असतं. नाल्याची जुनी वाट फार महत्त्वाची. भिंत तिथेच सर्वांत उंच असते आणि पाझरही बहुधा तिथेच उमटतो.

भिंतीच्या आत मधोमध चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचं कवच असतं, ते भार पेलतं. पाण्याकडच्या उतारावर दगडांचं पिचिंग, लाटांपासून बचावासाठी. कोरड्या बाजूला पायथ्याशी दगडांची रचलेली भर असते. आत मुरलेलं पाणी तिच्यातून निघून जावं आणि माती मात्र आतच राहावी, हे तिचं काम. ही भर उचकून घराच्या पायात दगड नेणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यांना तिथेच थांबवा, मग तो भाऊबंद असो.

माथ्यावर, पाण्याकडच्या उतारावर, कोरड्या उतारावर आणि पायथ्यावर दर काही अंतरावर चुन्याने क्रमांक घाला. मग वहीत "क्रमांक ७ जवळ पायथ्याशी ओल" असं लिहिता येतं. "मधेच कुठेतरी ओल" या नोंदीचा पुढच्या वर्षी काही उपयोग होत नाही.

## ३. मे महिन्यात झाडं, बिळं आणि भेगा पाहा

भिंतीवर गवत हवं. हरळी उत्तम. झाड मात्र नको: वेडी बाभूळ, सुबाभूळ, पिंपळाचं रोप, दाट घाणेरी, काहीच नको. मुळं भरावात खोल जातात आणि झाड मेलं की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. झुडपांचा दुसरा तोटा असा की त्यांच्याआड भिंत दिसतच नाही. खाली ओल आहे की बीळ आहे, कळायला मार्ग नसतो.

सापळा इथे आहे. तक्रार झाली की कोणीतरी उत्साहाने जून तोंडावर असताना जेसीबी आणून मोठी झाडं मुळासकट उपटतो आणि भिंतीत खड्डे करून ठेवतो. लहान झुडपं मुळासकट काढा. मोठं झाड जमिनीलगत कापा, आणि बुंध्याचं काय करायचं ते अभियंत्याला विचारून पावसाळ्यानंतर करा. खड्डा भरायचा तर थराथराने माती ठोकून भरावा लागतो.

घुशी, साळिंदर, खेकडे यांची बिळं शोधा. वारुळंही पाहा, कारण वाळवीची घरं आत लांबवर गेलेली असतात. खेकडा ओलीशिवाय राहत नाही. कोरड्या उतारावर, पाण्यापासून वर, खेकड्याची बिळं दिसली तर खेकडा मारून प्रश्न सुटत नाही. तिथे ओल कुठून आली, हा खरा प्रश्न आहे.

भेगांचे दोन प्रकार ओळखायला शिका. भिंतीच्या लांबीला समांतर जाणारी भेग उतार घसरतोय असं सुचवते, विशेषतः तिची एक कड खाली बसली असेल तर. पाण्याकडून कोरड्या बाजूकडे आडवी जाणारी भेग जास्त धोक्याची, कारण तलाव भरला की पाण्याला तयार वाट मिळते. काळ्या मातीत उन्हाने पडणाऱ्या वरवरच्या भेगा वेगळ्या, त्या सगळीकडे जाळीसारख्या असतात. शंका असली की भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, अंतर मोजा, तारीख लिहा, आठ दिवसांनी पुन्हा मोजा. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून वर प्लास्टिक ताणा. बारीक माती लोटून भेग बुजवू नका. ती बुजत नाही, फक्त दिसेनाशी होते.

माथा मधे कुठे बसलाय का, तेही पाहा. बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या येण्याजाण्याने माथा खचतो, चाकोऱ्यांत पाणी साठतं आणि तलाव तुडुंब भरला की पाणी पहिल्यांदा तिथूनच ओसंडतं.

## ४. सांडवा मोकळा ठेवा

मातीची भिंत वरून पाणी वाहणं सहन करू शकत नाही. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर तो टिकू शकतो. मातीच्या भिंतीवरून पाणी वाहायला लागलं की ते कोरडा उतार कातरत मागे सरकतं आणि काही तासांत भिंत जाते. म्हणून तलावाचा जीव सांडव्यात आहे. तरीही गावात सर्वांत जास्त छेडछाड सांडव्याशीच होते.

हिशेब करून पाहा. तलावाचं पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर आहे असं धरा. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या क्षेत्रावर ५ लाख घनमीटर पाणी पडतं. जमीन आधीच भिजलेली असेल आणि निम्मं वाहून आलं, तरी अडीच लाख घनमीटर. कित्येक पाझर तलावांचा पूर्ण साठाही एवढा नसतो. तलाव आधीच भरलेला असेल आणि हे पाणी तीन तासांत आलं, तर सांडव्यावरून सेकंदाला साधारण २३ घनमीटर पाणी जायला हवं. सांडवा २० मीटर रुंद असेल तर त्यासाठी पाण्याची धार सुमारे पाऊण मीटर उंच लागते. आता सांडव्याच्या पातळीपासून भिंतीचा माथा दीड मीटर वर आहे असं समजा. म्हणजे पाऊण मीटर जागा शिल्लक राहिली. लाटांसाठी आणि अंदाज चुकण्यासाठी तेवढीच.

अशा सांडव्यावर "थोडं जास्त पाणी राहील" म्हणून दोन फूट वाळूची पोती रचली की ती शिल्लक जवळजवळ संपते. मासे अडवायला जाळी लावली, जाळीत काटक्या आणि जलपर्णी अडकली, तरी तेच होतं. रब्बीचं एक पाणी जास्त मिळावं ही शेतकऱ्याची इच्छा मला पूर्ण समजते. मीही त्याच लाभक्षेत्रातला आहे. पण हा सौदा खालच्या वस्तीच्या जिवावर होतो. सांडव्याची उंची वाढवायची असेल तर भिंतीचीही वाढवावी लागते, आणि तो निर्णय आराखडा तपासून खात्यानेच घ्यायचा असतो.

सांडव्यापुढचा पुच्छ कालवाही चालत जाऊन पाहा, थेट नाल्याला मिळेपर्यंत. तो कोणाच्या शेतात गेलाय का, बांध घालून अडवलाय का, त्याची वाट वळून भिंतीच्या पायथ्याकडे आलीय का? सांडव्याच्या पाण्याने पायथा पोखरल्यावर भिंत मजबूत असूनही धोक्यात येते. सांडव्याच्या तळात मुरूम असेल आणि खाली खोल घळ पडत चालली असेल, तर घळीच्या टोकापासून सांडव्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवा. दरवर्षी ती घळ किती मागे सरकते, हा आकडा अभियंत्याला लगेच पटतो.

## ५. विमोचक: भिंतीच्या पोटातला पाइप

शेतीला पाणी सोडायचा पाइप भिंतीच्या खालून जातो. माती आणि पाइप जिथे एकमेकांना टेकतात तिथे माती नीट ठोकली गेलेली नसते, आणि पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा विमोचकाचं काम अर्धवट होतं आणि विमोचकाच्या वरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी धरण राहिलं नाही. खालचं खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं.

तुम्ही पाहायचं ते असं. दरवाजा बंद असताना पाइपाच्या तोंडातून पाणी येतं का? पाइपाच्या बाहेरून, कडेच्या मातीतून येतं का? दुसरं उत्तर "हो" असेल तर ते त्याच दिवशी कळवायचं. पाइपाच्या रेषेवर माथ्यावर किंवा उतारावर खळगा पडलाय का, हेही पाहा.

दरवाजाचं चाक आणि दांडा जागेवर आहे का? भंगारात जाणारी ही पहिली वस्तू. पावसाळ्याआधी एकदा दरवाजा उघडून आणि बंद करून पाहायला लावा. संकटात पातळी उतरवायचा तुमच्याकडे तोच एक मार्ग असतो.

आणखी एक सापळा: तलावात मोटार टाकून पाइपलाइन भिंतीतून चर खणून नेणं. चर परत बुजवला तरी ती जागा कायमची कच्ची राहते. पाइपलाइन न्यायचीच असेल तर खात्याच्या लेखी परवानगीने, खातं दाखवील त्या मार्गाने.

## ६. पाझर: कोणता चालतो, कोणता चालत नाही

मातीची भिंत थोडीफार पाझरतेच. पायथ्याच्या दगडी भरीतून स्वच्छ पाण्याची बारीक धार येत असेल, तलाव भरला की थोडी वाढत असेल आणि उतरला की कमी होत असेल, तर भिंत तिचं काम करतेय. पाझर दिसला म्हणून गावभर ओरडा करू नका. पण खालीलपैकी काही दिसलं तर मात्र वेळ दवडू नका:

- पाणी गढूळ येतंय, किंवा काल स्वच्छ होतं आणि आज गढूळ झालंय
- तलावाची पातळी तीच असताना धार वाढतेय
- पायथ्याच्या दगडी भरीच्या वर, उघड्या उतारावर ओल किंवा धार आहे
- पायथ्यापुढच्या जमिनीत पाणी बुडबुडत वर येतंय आणि भोवती वाळूचं कडं तयार होतंय
- भिंत डोंगराला टेकते तिथल्या सांध्यातून धार निघालीय
- तलावात, भिंतीच्या जवळ, पाण्यावर भोवरा फिरतोय

गढूळ पाणी म्हणजे भिंतीची माती बाहेर येतेय. मातीचा कण न् कण गेला की आत नळी तयार होते, नळी रुंद होते, तिच्यातून जास्त पाणी येतं, जास्त माती जाते. अमेरिकेतलं टीटन धरण ९३ मीटर उंच होतं, नवंकोरं, पहिल्यांदाच भरत होतं. ५ जून १९७६ च्या सकाळी त्यातून गढूळ पाणी येताना दिसलं आणि दुपारचे बारा वाजायच्या आत भिंत गेली. लहान तलावाला तर त्याहून कमी वेळ मिळू शकतो.

मोजायचं कसं. धार एका ठिकाणी जमवा, खाली बादली धरा, भरायला किती सेकंद लागले ते पाहा. १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. हा आकडा, त्या वेळची तलावाची पातळी आणि पाऊस, तिन्ही एकाच ओळीत लिहा. पातळीशिवाय पाझराच्या आकड्याला अर्थ नाही. पातळी मोजायला पट्टी नसेल तर पिचिंगच्या दगडांवर रंगाने खुणा करून घ्या.

गढूळपणा कसा पाहायचा. बाटलीत पाणी भरा, तासभर हलवू नका, तळाशी गाळ बसतो का ते पाहा. बाटलीचा फोटो काढा. पावसात उतारावरचं लाल पाणी धारेत मिसळून फसगत होते, म्हणून धार जिथून निघते तिथलंच पाणी घ्या.

गळती बुजवायला जाऊ नका. गळती दिसली की माणसाचा पहिला विचार असतो की ती बुजवावी. कोरड्या बाजूच्या छिद्रात चिकण माती, सिमेंट किंवा पोती कोंबली की आतलं पाणी थांबत नाही. त्याचा दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फुटतं, कदाचित न दिसणाऱ्या जागी. कोरड्या बाजूला पाण्याला जाऊ द्यायचं असतं, मातीला अडवायचं असतं. त्यासाठी छिद्रावर आधी स्वच्छ जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, असा गाळणीसारखा थर देतात. पाणी स्वच्छ होऊन बाहेर पडतं आणि वरच्या वजनाने माती जागेवर राहते. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच करायचं, पण वाळू आणि दोन प्रकारची खडी मे महिन्यातच भिंतीजवळ, सांडव्याच्या वाटेपासून दूर, साठवून ठेवता येते. ऐन जुलैत, चिखलात, तिथे ट्रॅक्टर पोहोचत नाही. या साठ्यासाठी ग्रामसभेचा ठराव करा. सगळ्या तयारीत ही सर्वांत उपयोगी आहे असं माझं मत आहे.

## ७. भोवतालचं खोदकाम

गाळ काढणं चांगलं. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेमुळे कित्येक तलावांची साठवण वाढली आणि शेतात सुपीक माती गेली. पण भिंतीला लागून असलेला गाळ उचलू नका. तिथला चिकण थर जमिनीत जाणारं पाणी अडवत असतो. तो खरवडला की खाली मुरमातून किंवा खडकाच्या भेगांतून पाणी भिंतीखालून निघतं. शिवाय पायथ्याशी खड्डा झाला की वरचा उतार घसरतो. भिंतीपासून किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून आखून घ्या, चुन्याची रेघ मारा आणि पोकलेन चालकाला ती रेघ स्वतः दाखवा.

कोरड्या बाजूच्या पायथ्याजवळ विहीर, शेततळं, मुरमाची खाण, वीटभट्टीसाठी माती उचलणं, यांतलं काहीच चालत नाही. विहिरीला पाणी लागेल या आशेने लोक नेमकी तिथेच जागा निवडतात.

## ८. तक्रार अशी लिहा की तिच्यावर काम होईल

"धरण धोकादायक आहे, त्वरित कार्यवाही करावी" या वाक्यावर काही होत नाही. अर्जात तलावाचं नाव, गाव, गट क्रमांक, नेमकी जागा (चुन्याचा क्रमांक), काय दिसलं, पहिल्यांदा कधी दिसलं, तेव्हापासून किती वाढलं, तलावाची पातळी, आणि खाली किती घरं आहेत, एवढं असू द्या. एक अर्ज, एक पान, मागे फोटो. वहीतल्या नोंदींची प्रत जोडा.

शेवटी एकच ठोस मागणी लिहा: "अमुक तारखेपर्यंत पाहणी करून लेखी अभिप्राय द्यावा." तोंडी "बघतो" मिळाल्यावर समाधान मानू नका. प्रत तहसीलदारांना जरूर द्या. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्ह्याचं प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असतं, आणि महसूल खात्यात आवक झालेला कागद दुसऱ्या खात्यालाही हलवतो. कनिष्ठ अभियंत्याशी भांडण मात्र करू नका. त्याच्याकडे असे पुष्कळ तलाव असतात आणि फिरायला गाडी नसते. तुमची नीट लिहिलेली वही त्याला वरच्यांकडे मागणी लावायला कामी येते.

## ९. पावसाळ्यातली राखण

जूनच्या आधी चार-पाच जणांची नावं पक्की करा. तलाव भरेपर्यंत आठवड्यातून एक फेरी, सांडवा वाहू लागला की रोज, आणि मुसळधार पावसात दर काही तासांनी. रात्री एकट्याने जायचं नाही. भरल्या तलावाच्या कोरड्या उतारावर किंवा पायथ्याशी अंधारात उतरायचं नाही. काठावरच्या पक्क्या जमिनीवरून टॉर्च मारायची.

खालच्या घरांची यादी आताच करा: कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कोण गरोदर आहे, कोणाकडे फोन नाही, हंगामी मजुरांची पालं कुठे पडलीत. ऊसतोड, वीटभट्टी, मेंढपाळ हे कोणत्याच यादीत नसतात आणि नाल्याकाठीच उतरतात. चढावरची जागा ठरवा, शाळा किंवा देऊळ, आणि तिकडे जाणारी वाट नाला ओलांडत नाही याची खात्री करा. इशारा कसा द्यायचा ते एकच ठरवा, उदाहरणार्थ देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा. वीज जाईल हे गृहीत धरून बॅटरीवर चालणारा भोंगा ठेवा.

## १०. धोका दिसला तर पहिल्या तासात

आधी खालच्या लोकांना हलवा, नंतर भिंतीकडे पाहा. हा क्रम उलटा करू नका.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं गेली. गळतीबद्दल आधीच तक्रारी केल्या होत्या, असं गावकरी नंतर सांगत राहिले. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात कारम नदीवरचं बांधकाम चालू असलेलं मातीचं धरण गळू लागलं. तिथे खालची १८ गावं रिकामी केली, बाजूने चर खणून पाणी काढून दिलं. धरणाचं नुकसान झालं, पण जीव वाचले. गळती दोन्हीकडे होती. कारमच्या वेळी मात्र पाणी पोहोचण्याआधी माणसं हलली होती.

म्हणून गढूळ धार, वाढती गळती, घसरलेला उतार किंवा माथ्याला टेकलेलं पाणी, यांतलं काहीही दिसलं की:

- भोंगा वाजवा, माणसं चढावर न्या. नाल्याच्या कडेने खाली पळायचं नाही. नाल्यापासून आडवं, उंचवट्याकडे जायचं. फरशी पूल ओलांडायचा नाही. जनावरांची दावी सोडा.
- ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लावा. पोलीस पाटील, तलाठी, तहसीलदार आणि अभियंत्याला कळवा. पुढच्या गावांच्या सरपंचांना स्वतः फोन करा, निरोपावर ठेवू नका.
- फोनवर तीनच गोष्टी सांगा: कुठे, काय दिसतंय, किती वेळापासून वाढतंय.
- विमोचकापर्यंत सुरक्षित पोहोचता येत असेल आणि अभियंता सांगत असेल तर दरवाजा उघडा. लहान तलावाचा विमोचक बारीक असतो, त्याने पातळी हळूच उतरेल. त्याच्या भरवशावर लोकांना घरी ठेवू नका.
- "जेसीबीने सांडवा खोल करा" असा ओरडा होईल. मुरमात काढलेला चर वाहत्या पाण्याने स्वतःच रुंद होत जातो आणि खालच्यांवर पूर येतो. हा निर्णय अभियंता आणि प्रशासनाचा. खालची वस्ती रिकामी झाल्याशिवाय तर नाहीच. पातळी फार झपाट्याने उतरली तरी पाण्याकडचा ओला उतार घसरतो.
- बघ्यांना भिंतीवर चढू देऊ नका. मोबाइलवर चित्रीकरण करायला सगळ्यात आधी तरुण पोरं धावतात.

पाऊस थांबला म्हणून लोकांना लगेच परत पाठवू नका. पाणलोटातलं पाणी नंतरही येत राहतं, आणि भिंत पूर्ण भिजलेली असते. परतीचा शब्द अभियंत्याने पाहणी करून द्यावा.

## ११. ऑक्टोबरनंतर

दुरुस्तीची खरी वेळ पावसाळ्यानंतरची असते, आणि नेमकी तेव्हाच सगळे विसरतात. तलाव भरलेला असतानाच पाझर स्पष्ट दिसतो, म्हणून अभियंत्याची पाहणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागा. उन्हाळ्यात कोरड्या तलावात त्याला काही दिसणार नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वही वाचून दाखवा आणि दुरुस्तीचा ठराव घ्या. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांत महिने जातात. ठराव जानेवारीवर ढकलला तर काम पुढच्या पावसाळ्याच्या आत होत नाही.

काम सुरू झालं की समोर उभे राहा. भराव १५ ते २० सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवून व्हायला हवा. जुन्या उतारावर नवी माती नुसती ओतली तर ती पहिल्याच पावसात सुटते. आधी झुडपं आणि गवत काढून, जुन्या उताराला पायऱ्या पाडून मग भर घालतात. टिपर येऊन मुरूम ओतून चालला असेल आणि रोलर दिसत नसेल, तर त्याच दिवशी काम थांबवण्याचा लेखी अर्ज द्या. बिल निघाल्यानंतर दिलेल्या तक्रारीचा भिंतीला काही उपयोग होत नाही.